सगुणाचा गुडघा

सगुणाचा गुडघा दुखतो हे अख्ख्या वाडीला माहीत होतं, आणि ते कुणालाच खरं वाटत नव्हतं.

रत्नागिरीच्या बाजारात सुकट-बोंबील विकत ती दिवसभर उकिडवी बसायची. घरी आली की चिऱ्याच्या पायऱ्या उतरून विहिरीवर. तिचा नवरा केरू तांडेल, होडी सोडून आता घरी बसलेला. ओटीवरून तो शेजाऱ्यांना सांगायचा, "हिचा गुडघा काम निघालं की दुखतो!" सगळे हसायचे. ते हसणं सगुणाला खाली विहिरीपर्यंत ऐकू यायचं.

मुलगी ज्ञानेश्वरी एकदा तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी झोपवून एक्स-रे काढला, उजेडावर धरला आणि तिच्याकडे न बघताच म्हणाले, "वयाप्रमाणे आहे सगळं. वजन कमी करा."

सगुणाच्या अंगावर मांस होतं कुठे! "कसलं वजन कमी करू? हाडांचं?" तिनं विचारलं. डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

केरूच्या हाती आयतं कोलीत मिळालं. "डॉक्टरच सांगतो, काय नाय म्हणून."

गौरी-गणपतीच्या दिवसांत भरलेला हंडा घेऊन चढताना ती पायरीवरच बसली. उठता येईना. गुडघा नारळाएवढा सुजला. ज्ञानेश्वरीनं रिक्षा बोलावली, बापालाही आत कोंबलं आणि दुसऱ्या दवाखान्यात, डॉक्टर योगिनींकडे नेलं. त्या म्हणाल्या, सोनोग्राफी करू.

"गुडघ्याची?" केरूला हसू आवरेना. "ती पोटुश्या बायांची करतात गो!"

डॉक्टरांनी गुडघ्यावर थंड जेल लावून यंत्र फिरवलं. "हा काळा भाग दिसतो ना, ते साठलेलं पाणी. सांध्याचं अस्तर सुजलंय. हाडाच्या कडेला टोक वाढलंय." मग सगुणाला उभं करून यंत्र पुन्हा टेकवलं. "आणि ही आतली गादी. भार पडला की बाहेर सरकतेय. एक्स-रेत गादी दिसत नाही. मावशी, एवढं अंगावर काढलंत?"

केरू पडद्यावर डोळे लावून बसला होता. "आयला," तो पुटपुटला, "खरंच की."

सगुणाच्या डोक्यात तिडीक गेली.

"खरंच की? मी बोंबलत होते तेव्हा खोटं, नि या डब्यानं सांगितलं तेव्हा खरं? एवढी वर्षं जेवायला वाढलं, पोरं काढली, माझ्या तोंडाची किंमत या डब्याएवढी पण नाय?"

"अगो, हळू बोल, लोक ऐकतायत."

"ऐकूं देत! लोकांना हसायला तुम्हीच बोलवायचात ना?"

केरूनं मान खाली घातली. सगुणा जरा शांत झाल्यावर डॉक्टरांनी पडद्यावर बघत सुई घातली आणि पाणी काढलं. झालेली झीज भरून येणार नाही, हेही सांगितलं. मांडीचे व्यायाम करायचे, उकिडवं बसायचं नाही, ओझं घेऊन चढउतार बंद.

घरी पोचल्यावर केरू ओटीवर वाडीला समजावू लागला, "पाणी झालंय हो आत. गादी सरकलेय." जसं काही दुखणं त्यानंच शोधून काढलं होतं. सगुणानं आतून येऊन सगळ्यांसमोर रिकामा हंडा त्याच्या पुढ्यात आपटला.

"माहीत झालंय ना आता? उतरा."

केरू उतरला. दुसऱ्या दिवशीही उतरला. चार दिवसांत त्याची कंबर धरली, आणि आठवडा व्हायच्या आत विहिरीवर पंप बसला. हाच पंप सगुणा मागायची तेव्हा दरवेळी 'शिमगा होऊंदे, बघू' असं उत्तर मिळायचं.

केरूनं मोरीतला नळ सोडला. पाणी धो धो आलं. "बघ," तो म्हणाला, "केलं की नाय तुझ्यासाठी?"

"माझ्यासाठी नाय," सगुणा म्हणाली. "तुमच्या कमरेसाठी केलंत."

आणि सुकटीची पाटी उचलायला त्यालाच सांगून ती बाजाराच्या वाटेला लागली.