गेमच्या पेटीची पूजा

पन्नाशीनंतर माणसाने हातात करवत धरू नये, असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं.

माझ्या शाळेच्या दिवसांत गुलमंडीजवळच्या एका गल्लीत व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. कपाटाएवढी उंच मशीन, समोर काच, खाली दांडा आणि रंगीत बटणं. मी हरवलो की वडील शाळेत चौकशी करायच्या भानगडीत पडत नसत, सरळ तिथंच येत. (येताना चप्पल पायात नसे, हातात असे.) तर मागच्या वर्षी मोबाईलवर एक तरुण दिसला. त्याने तसंच मशीन, पण टेबलावर मावेल एवढं, घरच्या घरी बनवलं होतं! प्लायवूडची पेटी, आत जुना मॉनिटर, पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर, पुढच्या फळीवर दांडा आणि बटणं. व्हिडिओ दहा मिनिटांचा होता. म्हणजे काम दहा मिनिटांचं, अशी मी समजूत करून घेतली.

"अहो, तुम्ही साधा खिळा ठोकला तरी भिंतीचं प्लास्टर खाली येतं," आमची वैशाली म्हणाली. "पेटी कशी बनवणार?"

"पेटीला प्लास्टर कुठं असतं?" मी म्हणालो.

खरं तर तिचा राग पेटीवर नव्हता, गॅलरीवर होता. आमच्या सिडकोतल्या फ्लॅटला गॅलरी एकच. तिथं झोका टांगून सकाळचा चहा प्यायचा, हे तिचं जुनं स्वप्न. आणि तिथंच मी प्लायवूड, करवत, रंधा, गोंदाचे डबे मांडून कारखाना काढला होता! शेवटी तिने अट घातली. "दसऱ्याला हा खेळ सगळ्यांसमोर चालवून दाखवा. चालला, तर गॅलरी कायमची तुमची. नाही चालला, तर हत्यारं माझ्या ताईकडे आणि माझा झोका गॅलरीत."

"मंजूर!" मी एक हात वर करून म्हणालो. (दुसरा गोंदात चिकटलेला होता.)

साक्षीला सासूबाई होत्याच. नवरात्रासाठी त्या लासूर स्टेशनहून आमच्याकडे आल्या होत्या.

पहिल्याच कापणीला अडचण आली. गॅलरीत प्लायवूड आडवं मावेना, म्हणून मी ते हॉलमधल्या दिवाणावर टाकलं आणि विजेची करवत सुरू केली. करवत लोण्यातून जावी तशी सरसर निघाली! एवढं सोपं कसं जातंय, या आनंदात मी एक सुंदर वळण घेतलं आणि हॉलमध्ये पांढरे ढग तरंगू लागले. प्लायवूडबरोबर मी गादीलाही तेच वळण दिलं होतं.

सासूबाईंनी पदरावरचा पुंजका उचलून बोटांत चोळून पाहिला. "जावईबापू, आमच्या रानातला कापूस आजून बोंडात हाय. तुमचा लई लवकर निघाला की वो!"

पुढे पेटीच्या दोन बाजू. दोन्ही एकाच साच्यावरून कापल्या, तंतोतंत जुळल्या, मी शिट्टी वाजवली. जोडल्यावर कळलं, की प्लायवूडला काळी चकचकीत सनमायका एकाच बाजूने होती. डावी फळी आणि उजवी फळी एकमेकींची आरशातली प्रतिमा हवी, हे त्या तरुणाने सांगितलं असणार. पण तेवढा भाग मी पुढे ढकलला होता. त्यामुळे एक बाजू बाहेरून चकाचक, आणि दुसरी आतून!

"इकडून कपाट दिसतंय," वैशाली पेटीभोवती फिरत म्हणाली, "आणि तिकडून टोमॅटोचं खोकं."

"दुहेरी डिझाइन आहे ते!"

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ताई आणि तिचे यजमान प्रकाशराव आले. प्रकाशराव म्हणजे माझे साडू. शेंद्र्याच्या एका कारखान्यात ते माल तपासून पास-नापास करतात, आणि ही सवय ते गेटवर ठेवून येत नाहीत. ताटात पोळी पडली तरी आधी ती गोल आहे का बघतात. खिशातून त्यांनी काटकोन मोजायचा गुण्या काढला, पेटीच्या कोपऱ्याला लावला आणि डोळे मिटले. मग पेटीवर एक लिंबू ठेवलं. लिंबू गडगडत गेलं आणि दाराशी काढून ठेवलेल्या त्यांच्याच बुटात पडलं.

"अरविंदराव, रिजेक्ट."

"दिसण्यावर जाऊ नका!" मी उसळलो. "दणकटपणा बघा! यावर दगड फोडा, दगड! हलली तर नाव बदलीन!"

सासूबाई भाजी निवडता निवडता हे कान देऊन ऐकत होत्या. तेव्हा मला ते कौतुक वाटलं.

दसरा उजाडला. सकाळी मी गुपचूप खेळ लावून पाहिला, उत्तम चालला! पडद्यावरचा छोटा माणूस दांडा हलवला की पळे, बटण दाबलं की उडी मारी. आज गॅलरी माझी! शेजारच्या पवारकाकू, वरच्या मजल्यावरची मंडळी, सगळे हॉलमध्ये जमले. मी बटणाकडे हात नेला.

"थांबा!" सासूबाई कडाडल्या. "पूजेबिगर? आमच्याकडं ट्रॅक्टर असू द्या नायतर शिवणयंत्र, हळद-कुंकू लागल्याबिगर चालू व्हत नाय!"

बरोबरच होतं. दसऱ्याला अवजारांची पूजा आम्हीही करतो. पेटीला हळद-कुंकू लागलं, झेंडूची माळ चढली, आपट्याची पानं वाहिली गेली. टोमॅटोची बाजूसुद्धा शोभून दिसू लागली! मग सासूबाईंनी नारळ घेतला आणि इकडेतिकडे पाहिलं. फ्लॅटमध्ये दगड कुठला?

"तुम्हीच म्हनले नव्हं, हिच्यावर दगड फोडा म्हनून?"

"सासूबाई, ते बोलायची एक पद्धत—"

ठाक्!

पेटी तसूभरही हलली नाही! "बघितलंत, प्रकाशराव? बघितलंत?" मी ओरडत होतो, आणि नारळाचं पाणी बटणांच्या भोकांतून शांतपणे आत उतरत होतं.

पडद्यावरचा माणूस दचकल्यासारखा हलला. मग त्याने उडी मारली. कोणी हात न लावता! मग दुसरी. मग तो थांबेचना!

"पावला गं बाई!" सासूबाईंनी हात जोडले. पवारकाकूंनीही जोडले.

"चालला! चालला ना?" मी वैशालीकडे वळलो.

तेवढ्यात तो माणूस उड्या मारत खड्ड्यात गेला, पेटीतून बेडकासारखा आवाज आला, खोबरं करपल्याचा वास सुटला आणि पडदा काळा झाला. वैशालीने उठून भिंतीतला प्लग काढला.

"ताई," ती गोड आवाजात म्हणाली, "झोक्याला पितळी कड्या बऱ्या, का लोखंडी?"

गॅलरी गेली! मी माळेतली झेंडूची फुलं मोजत बसलो. प्रकाशराव मात्र खाली वाकले होते. त्यांनी नारळाच्या दोन्ही वाट्या उचलल्या, उलट्यासुलट्या केल्या, गुण्या लावला. त्यांचा चेहरा उजळला.

"अरविंदराव! दोन्ही वाट्या अगदी सारख्या! काठाला एक चीर नाही. पास!"

पेटीची पुढची कड घासून गोल करायची मी विसरलो होतो. ती सुरीसारखी धारदार राहिली होती.

"अगंबाई," पवारकाकू पुढे सरकल्या. "आमची नवी गाडी येतीय दुपारी. आमचा नारळ आणू का इथंच? पायरीवर आपटला की चेंदामेंदा होतो बघा."

त्या दुपारी आमच्या दारात नारळ घेऊन रांग लागली. वैशालीने पेटी भंगारात काढायचं म्हणताच सगळी बिल्डिंग तिच्यावर तुटून पडली, आणि "पूजलेली वस्तू टाकायची नसती!" असा सासूबाईंनी निकाल दिला. हत्यारं ताईकडे गेली. झोका हॉलमध्ये आला, फाटक्या दिवाणाच्या जागी. गॅलरीत मात्र पेटी आहे, आणि तिचा मालक म्हणून मी.

आता कुणी गाडी घेतली, दुकान काढलं, मुलगा पास झाला, की आमची बेल वाजते. "काका, मशीन चालू आहे ना?"

"आहे, या," मी म्हणतो. "पण शेंडी काढून आणलाय ना? सोलायची कामं आम्ही घेत नाही."

शेवटी कारागिराला काही इज्जत असते!