डाव्या खांद्यावरची सायकल

गिरीशचा फोन आला तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि मी मल्लेश्वरमच्या माझ्या दुकानाचं शटर अर्धं वर केलं होतं. गिरीश म्हणजे वसंताचा मुलगा, आणि वसंता म्हणजे माझ्या बायकोचा, सुशीलेचा, धाकटा भाऊ. "आतोबा, बाबा जिन्यात पडले. सायकल खांद्यावर होती... गेले." एवढंच बोलला. अशा वेळी माणूस काय विचारतो? कधी, कसं, डॉक्टर आला होता का. मी विचारलं, "फ्रेम मोडली का?" तो म्हणाला, "नाही मोडली, आतोबा," आणि फोन ठेवला. दीड महिना झाला त्याला. दहाव्याला भेटला, तेराव्याला भेटला, पाणी दिलं, खुर्ची दिली, बोलला नाही. त्याचं बरोबर आहे. बाप गेला आणि हा म्हातारा सायकलची चौकशी करतो, असंच वाटलं असणार त्याला. मी तसं का विचारलं ते सांगायला हे लिहितोय. वसंताबद्दल चांगलं चांगलं लिहायला दुसरे पुष्कळ आहेत.

वसंता एका कारखान्यात टूलरूमला फिटर होता. त्याला एक खोड होती. लोखंडाची कुठलीही वस्तू दिसली की तिला नखानं टिचकी मारायची आणि कान लावून ऐकायचं. माझ्या लग्नात त्याच्या बापानं दिलेलं कपाट आमच्या घरी उतरवलं, तेव्हा हा आयटीआयला जाणारा पोरगा पुढं झाला, कपाटाला टिचकी मारली आणि सगळ्या पाहुण्यांसमोर मला म्हणाला, "दाजी, पत्रा पातळ आहे. पण आता बदलून मिळणार नाही, कपाटही नाही आणि अक्काही नाही." सुशीला आतून ओरडली, "वसंत्या, थांब तू!" तेव्हापासून आमचं जमलं. माझं सायकल दुरुस्तीचं आणि गॅस वेल्डिंगचं दुकान, त्याला रविवारी सुट्टी. रविवार आला की हा माझ्याकडे.

तीसेक वर्षांपूर्वी एक परदेशी पाहुणा त्याची सायकल घेऊन आला, मागचा एक सांधा सुटला होता म्हणून. जाड टायर, सरळ हँडल, डोंगरात चालवायची सायकल. तशी आम्ही तेव्हा पाहिली नव्हती. वसंतानं फ्रेमला टिचकी मारली. टण्ण... असा आवाज आला आणि बराच वेळ राहिला. "अय्यो दाजी, ही तर देवळातली घंटा!" दुपारचं जेवण थंड झालं तरी तो तिच्यापासून हलला नाही. संध्याकाळी म्हणाला, "ही आपण बनवायची."

आणि बनवली. मधे दहाएक वर्षं गेली. हवा तसा पाइप मिळायलाच तेवढी लागली. विमानाच्या कामातला तो पोलादी पाइप असतो, क्रोमोली म्हणतात त्याला, भिंत अगदी पातळ पण वाकून परत सरळ होणारा. त्याचे तुकडे भंगारात सापडले. सांधायच्या पितळेच्या कांड्या चिकपेटेच्या बाजारातून आणल्या. पाइपाचं तोंड कानशीनं असं घासायचं की दुसऱ्या पाइपावर बसलं की मधून कागदसुद्धा जाऊ नये, हे काम वसंताचं. आगीचं काम माझं. आता लोक विचारतात, लोखंडाच्या सायकलीत एवढं काय आहे? अ‍ॅल्युमिनियम हलकं, कार्बन त्याहून हलकं. असेल. पण दगडावर चाक आपटलं की चांगल्या पोलादाची फ्रेम जराशी दबते आणि परत उठते, खाली कुणीतरी जिवंत असल्यासारखी. गंज धरला तर दिसतो, भेग पडली तर आधी रंग तडकतो, आणि मोडली तर कुठल्याही गावात माझ्यासारखा एक माणूस बसलेला असतो तो सांधून देतो. पोलाद सांगून मोडतं, असं वसंता म्हणायचा. ते खरं आहे. फक्त सांधणाऱ्यानं ते जाळलेलं नसलं पाहिजे.

मी जाळलं होतं. हँडलखालचा, दोन मोठे पाइप एकत्र येतात तो सांधा. वसंता समोरून बाय-टू कॉफी, एकाची दोघांत, आणायला गेला होता. माझा हात गेटाच्या, साध्या सायकलींच्या जाड पाइपाला सरावलेला. पातळ पाइपाला ज्योत बारीक लागते, मी मोठीच ठेवली आणि चार क्षण जास्त धरली. पितळ उकळलं की पांढरा धूर निघतो. निघाला. मी पाहिला. अशा वेळी जळून ठिसूळ झालेला पाइप कापून टाकायचा आणि दुसरा घ्यायचा, हे मला कळत होतं. पण त्या मापाचा दुसरा तुकडा नव्हता, आणि रंग लावला की कोण बघतंय, असं मनात आलं. वसंता कॉफी घेऊन आला तेव्हा मी त्याला सांगितलं, "झाला बघ, मस्त बसला."

दीड वर्ष चालली ती. मग तुरहळ्ळीच्या खडकांवरून उतरताना त्याच सांध्याला मोडली. वसंताचे पुढचे दोन दात गेले आणि उजव्या खांद्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलात फुसफुसत म्हणाला, "दाजी, दगड मोठा होता." मी काय म्हणालो? "बघून चालवायची रे." सुशीला शेजारी बसून होती, तिच्यासमोर म्हणालो.

त्याचं हाड जुळेपर्यंत, मधल्या दीड वर्षात जमलेल्या पाइपांची, दुसरी फ्रेम मी एकट्यानंच केली. या वेळी ज्योत बारीक ठेवली, सांधे सुंदर झाले. तरी मन ऐकेना. म्हणून खालच्या मोठ्या पाइपात अजून एक जाड पाइप सरकवला आणि सांध्याला दोन्ही बाजूंनी पोलादाच्या पट्ट्या ठोकल्या. बारा-तेरा किलोची सायकल सतरा किलोची झाली. वसंता बघायला आला. वरच्या पाइपाला टिचकी मारली, टण्ण. खालच्याला मारली, ठक. परत मारली. ठक. माझ्याकडे पाहिलं. मग डाव्या हातानं उचलली आणि म्हणाला, "बरी झालीय. जड झालीय स्वल्प."

"तू म्हातारा झालायस," मी म्हणालो.

अठरा वर्षं त्यानं ती चालवली. नंदीच्या डोंगराच्या चढावर हलक्या सायकलींवरची पोरं बाजूनं निघून जायची, "अंकल, वेट जास्त आहे तुमचं," म्हणायची. हा म्हणायचा, "उतारावर भेट." आणि उतारावर खरोखर भेटायचा. त्या उतारावर तो पन्नाशीतही आरडाओरडा करत यायचा, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

पुढं गिरीशनं के. आर. पुरमला फ्लॅट घेतला, तिसऱ्या मजल्यावर, आणि आईबापाला तिकडे नेलं. तिथं कमिटी. पार्किंग मोटारींसाठी, सायकल ठेवायची नाही. लिफ्टला ओरखडे पडतात, म्हणून लिफ्टमध्ये सायकल न्यायची नाही. तशी पाटीच लावली, तिथं सायकल असलेला म्हातारा एकच होता तरी. मग वसंता ती खांद्यावर घेऊन तीन मजले चढायला आणि उतरायला लागला. उजवा खांदा मोडका, म्हणून डाव्या खांद्यावर. सायकल उजवीकडे घेतली तर चेन बाहेर राहते. डावीकडे घेतली की चेन आपल्या अंगाला लागते. त्यामुळे त्याच्या प्रत्येक शर्टाला पाठीवर डावीकडे काळा डाग. सुशीलेनं पाहिलं तेव्हा जुन्या गोधडीचा तुकडा दुमडून वरच्या पाइपाला खालून शिवून दिला, खांद्याला रुतू नये म्हणून. "चेनचं काय करू? ते तुझ्या दाजींना विचार," म्हणाली. चार वर्षांपूर्वी सुशीला गेली. त्यानंतर वसंताचा एक रविवार चुकला नाही. सातच्या आसपास शटरवर थाप पडायची, "दाजी, उठलात की गेलात?" गिरीशनं त्याला एक हलकी सायकल आणून दिली होती, दोन बोटांनी उचलता येईल अशी. त्यानं तिला टिचकी मारली, "डबा आहे," म्हणाला आणि बाल्कनीत ठेवली. तिच्यावर टॉवेल वाळत असतात.

तो गेला तोही रविवार. माझ्याकडेच यायला निघाला होता.

तेराव्यानंतर कमिटीचा कागद आला, जिन्यातली सायकल हलवा. वसंताच्या बायकोनं, मंगलनं, मला फोन केला, "अण्णा, तुम्ही घेऊन जा. दुसऱ्या कुणाला द्यायला हात होत नाही." मी मेट्रोनं गेलो. ती त्याचे शर्ट घडी करत बसली होती, वाटायला. एकेक उलगडून दाखवला. सगळ्यांना तोच डाग. मला राहवेना. म्हणालो, "मंगल, ती पहिली फ्रेम मी जाळली होती. दगड बिगड काही नव्हतं."

ती घडी घालतच राहिली. "माहीत आहे," म्हणाली. "हॉस्पिटलातून आल्या आल्या त्यांनी तो तुटलेला सांधा बघितला होता. म्हणाले, दाजींची ज्योत मोठी झाली."

"मग बोलला का नाही मला?"

"म्हणाले, बोललो तर दाजी वेल्डिंगची टॉर्च खाली ठेवतील. मग अक्कानं काय खायचं?"

"आणि ती दुसरी? आतला पाइप?"

"तोही माहीत होता. मी म्हटलं, काढून घ्या ना तो, पाठ मोडते तुमची. तर म्हणाले, तो घालून दाजींना झोप लागते, लागू दे. हलकी घेतली तर परत घाबरतील."

लोक म्हणतील, केवढं मोठं मन. मला राग आला. अजून आहे. एकदा, फक्त एकदा आईबहिणीवरून शिवी घातली असती तर मी आठ दिवसांत त्याला हलकी करून दिली असती. अठरा वर्षं चार किलो माझी भीती त्यानं वर नेली, खाली आणली, आणि रविवारी माझ्यासमोर बसून कॉफी पीत राहिला. मी पण पीत राहिलो. बोलायला दोघांनाही तोंड होतं. डॉक्टर म्हणाला, हृदय आधीच थकलेलं होतं, सायकल नसती तरी झालंच असतं. डॉक्टरनं ती सायकल उचलून पाहिलेली नाही.

मीही पाहिली नव्हती. बनवताना स्टँडवर होती, रंगवताना टांगलेली होती. जिन्यात पहिल्यांदा खांद्यावर घेतली. गोधडीचा तुकडा डाव्या खांद्याच्या आकारानं दबलेला, म्हणून डावीकडेच घेतली. गिरीश मागून आला, त्या फोननंतर पहिल्यांदा बोलला, "आतोबा, आज लिफ्टनं न्या, कोण बोलतंय बघतो मी." नको म्हटलं. दुसऱ्या मजल्याच्या खाली सायकल टेकवली आणि पायरीवर बसलो. गिरीश माझ्या वरच्या पायरीवर बसला. बसल्या बसल्या त्यानं खालच्या पाइपाला टिचकी मारली. ठक. "बाबा हा आवाज ऐकला की हसायचे," म्हणाला. "का ते सांगायचे नाहीत." तेव्हा सांगायला हवं होतं मी. नाही सांगितलं. गिरीश, आता वाचतो आहेस तर ऐक. फ्रेम मोडली का असं मी विचारलं ते सायकलसाठी नव्हतं. तुझ्या बापाला मी दुसऱ्यांदा पाडलं का, ते मला विचारायचं होतं.

मालाच्या ऑटोत घालून ती आणली. शर्ट काढला तर पाठीवर डावीकडे तोच काळा पट्टा. तो शर्ट खुंटीला आहे, धुतलेला नाही. सायकल दुकानात आहे. टॉर्च लावून आतला पाइप काढता येईल, दोन दिवसांचं काम आहे. काढणार नाही. रविवारी सात वाजता तिला खांद्यावर घेतो आणि दुकानाच्या तीन पायऱ्या उतरतो, परत चढतो. तेवढ्यात दम लागतो, दाराची चौकट धरावी लागते. माझ्या तीन पायऱ्या आहेत. त्याचे तीन मजले होते.