हॉटेलच्या मागचा डोंगर

मंडळी, दिवाळीनंतर आम्ही जर्मनीला जाणार आहोत. गुडघ्यांसाठी गरम झऱ्यांचं एक गाव आणि तिथलं छोटंसं हॉटेल ठरवतोय.

फोटोत बायकोनं ना खोली पाहिली, ना नाश्ता. "अहो, मागं डोंगर हाय. खाली येतो का, इचारा आधी." खालापूरकडची माणसं घरही असंच बघतात.

मी विचारलं. आज दुपारी मालकीणबाईंचं उत्तर आलं: डोंगर दरवर्षी तपासतात, पायथा खणायला बंदी आहे, निर्धास्त या. शेवटी बाईंनी विचारलं होतं, तुमच्या घरामागेही डोंगर आहे का?

बायकोनं उठून मागचं दार उघडलं. बंगल्यांच्या प्लॉटसाठी पायथा कापलाय. वरचे साग आमच्याकडे झुकलेत. परवा सरळ होते.

"पावसानं झुकले असतील गं."

"झाडं नाय, जमीन सरकलीय. आईंना उठवा. चौक गावाला दादाकडं जाऊ."

निघताना शेजाऱ्यांची दारं ठोठावली. "काय, जर्मनीला निघालात?" म्हणून सगळे हसले. आयुष्यभर मी प्रत्येकाची टर उडवल्यावर दुसरं काय होणार?

आता चौकहून लिहितोय. पाऊस वाढलाय. आमच्या वाडीत कुणाचं कुणी असेल, तर आत्ता फोन लावा. तुमचं तरी ऐकतील का?