निळ्याचं नाव

“अक्का, तुमचं ते एचडी मेलं म्हणून समजा. कंपनीनंच हात वर केल्यात.”

“मेलं म्हंजी? काल तर चांगलं चालू होतं.”

“तुमचं मशीन न्हाई ओ. जातच मेली. त्याच्या तबकड्या आता निघायच्या न्हाईत. दोन जातींच्या भांडणात ब्लू-रे जिंकलं.”

“हळू बोल,” रेणुकाबाई म्हणाली. “दारात बाया हायत्या.”

सोमशेखर हसला. गुलबर्ग्याचा हा विक्रेता दर बुधवारी पिशवीभर सिनेमाच्या तबकड्या घेऊन भालकीला यायचा. दोन हजार आठच्या उन्हाळ्यातल्या त्या बुधवारी त्याच्या पिशवीतून एक गुंडाळलेलं पोस्टर डोकावत होतं. त्यानं ते टेबलावर उलगडलं. वर हातभर निळ्या अक्षरात नाव: ब्लू-रे.

रेणुकाबाईनं ते पालथं घातलं.

या दुकानात ‘ब्लू’ म्हणायची सोय नव्हती. बारा वर्षांमागं तिचा नवरा काशाप्पा इथं व्हिडिओ कॅसेटी भाड्यानं द्यायचा. कपाटात वरच्या फळीवर संतांचे सिनेमे. गावातली बडी माणसं येत, “भक्तीचं काय आलंय का?” म्हणून विचारत, आणि रेणुकाबाई भाबडेपणानं संताचं चित्र असलेला डबा त्यांच्या हातात ठेवी. आपल्या गावात एवढी भक्ती कशी, याचं तिला कौतुक वाटायचं. धाड पडली तेव्हा कळलं, डबा तेवढा संताचा, आतली कॅसेट निळी, म्हणजे ब्लू फिल्मची. काशाप्पा पुण्याला वॉचमन म्हणून गेला आणि तिकडचाच झाला. डबे नेणाऱ्यांना कुणी बोट लावलं नाही. नाव पडलं ते हिला. गिरणीत दळण ठेवलं की मागनं कुणीतरी म्हणायचं, निळूबाई आली.

तिनं दुकान पुन्हा उघडलं ते दातओठ खाऊन. पोरांचे सिनेमे, लग्नाचं शूटिंग, बस. निळी साडी नेसायची सोडली. शटरला निळा रंग लावणाऱ्या पेंटरला ब्रशासकट हाकललं. म्हणूनच गेल्या साली दुबईहून भाऊ मल्लेशचा फोन आला, “अक्का, सिनेमा लावायची दोन नव्या जातीची मशीनं आल्यात, एक एचडी, एक ब्लू-रे,” तेव्हा तिनं पुढचं ऐकलंच नाही. “निळ्याचं नाव काढलास तर उंबऱ्यात पाय ठिवू नगंस,” म्हणाली. त्यानं मुकाट एचडी आणलं. त्याच्या तबकड्यांचे डबे तांबडे होते. तिला ते सवाष्णीसारखे वाटले.

“हे पोस्टर दारात लावा,” सोमशेखर म्हणाला. “भालकीत ब्लू-रे घेणार कोण, मला बी ठाव हाय. पण जिथं पोस्टर, तिथंच नव्या पिच्चरच्या साध्या डीव्हीडी पयल्या दिवशी द्यायच्या, असं आमचा शेठ म्हणायलाय. न्हाई तर पप्पूच्या दुकानाला.”

पप्पूचं दुकान बसस्टँडच्या तोंडावर होतं. नवा सिनेमा तिकडं आधी गेला की इकडं माशा मारायच्या, हे तिला सांगायला नको होतं.

“दुसरं नाव न्हाई त्याला?”

“नाव कामून डाचायलंय तुमाला? निळा उजेड पडतोय तबकडीवर, म्हणून ब्लू. आन् खरं सांगू? तुमच्या एचडीत बी निळाच उजेड हाय. नावात घातला न्हाई, एवढंच.”

रेणुकाबाई मशीनकडं बघत राहिली. म्हणजे वरून तांबडा डबा, आत निळं. बारा वर्षांनी पुन्हा तेच. तिच्या कानशिलातून जाळ निघाला. काशाप्पावर, अर्धवट बोलणाऱ्या मल्लेशवर, कुठं सातासमुद्रापार बसून असलं नाव ठेवणाऱ्या मुडद्यांवर. आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. कॅसेटी नेल्या दुसऱ्यांनी आणि भ्यायची ही.

तेवढ्यात गावचे पाटील हणमंतराव आले. पांढरी टोपी, चाळीस एकर ऊस, लेकीच्या लग्नाची डीव्हीडी न्यायला. टेबलावरचं पोस्टर त्यांनी बोटानं उलटलं आणि दारातल्या बायांना ऐकू जाईल असं म्हणाले, “काय रेणुकाबाई, निळं पुन्यांदा चालू केलाव म्हणा की.”

बाया पदराआड हसल्या. सोमशेखर पिशवीत काहीतरी शोधू लागला.

“व्हय, चालू केलाव,” रेणुकाबाई म्हणाली. आवाज चढवला नाही. “तुमी जुनं गिऱ्हाईक, म्हणून पयलं तुमालाच सांगते. दर शनवारी भक्तीचा पिच्चर न्यायचाव, ध्यानात हाय माझ्या. एकच संत सहा येळा नेलाव. म्या म्हणायची, पाटलाची लई श्रद्धा.”

हसू दारातच थांबलं. मग त्यातली एक बाई फस्सकन हसली, पण या खेपेला रोख वेगळा होता. हणमंतरावांनी टोपी काढली, डोकं पुसलं, पुन्हा घातली.

“डीव्हीडी झाली का?” ते म्हणाले.

“व्हायलीय. बसा.”

ते बसले नाहीत, सांजच्याला येतो म्हणून निघाले.

“सोमशेखर, लाव ते पोस्टर,” ती म्हणाली. “आत नगं, शटरच्या बाजूला लाव. अक्षरं रस्त्यावरनं दिसली पायजेत. आन् शेठला सांग, शुक्रवारचा पिच्चर शुक्रवारीच पायजे.”

“मशीनचं काय करताव?”

“साध्या डीव्हीडी चालतात की त्याच्यावर. ऱ्हाऊ दे.”

तो चिकटपट्टी काढून बाहेर गेला. रेणुकाबाई संगणकासमोर बसली. पाटलाच्या लेकीची हळद लांबली होती, वरात तबकडीत मावत नव्हती. तिनं बँडवाल्यांचा भाग शोधला आणि कापायला घेतला.