पोपट शेंडगे काही केल्या बरा होईना

जीप अंगणात थांबली तेव्हा पोपट शेंडगे गोधडीत पडून होता आणि कण्हत होता. कण्हणं जरा उशिरा सुरू झालं, म्हणजे मी दारात पोचल्यावर. गोधडीतून त्याची पावलं बाहेर राहिली होती आणि बोटांच्या बेचक्यात ओला चिखल होता. घरामागच्या वाफ्यात कांद्याची लागवड चालली होती. एक ओळ अर्धी लावून तशीच सोडलेली दिसत होती.

मी तेव्हा नगरच्या एम.आय.डी.सी.तल्या एका कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर होते. आम्ही गाड्यांचे सुटे भाग बनवायचो. नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. माणसं भरती करायची, त्यांच्या रजा बघायच्या, भांडणं मिटवायची आणि कुणी चुकलं की त्याला चार्जशीट द्यायची, हे माझं काम. चार्जशीट म्हणजे लेखी आरोपपत्र. पोलिसांचं नाही, कंपनीचं. पण घरी पोचलं की रडारड तेवढीच व्हायची. या जागेवर बाई नेमली ती कामगार बाईमाणसावर आवाज चढवणार नाहीत या हिशोबानं. तो हिशोब पहिल्याच आठवड्यात चुकला.

कांद्याची लागवड आली की आमच्या कारखान्यात कंबरदुखीची साथ यायची. ई.एस.आय., म्हणजे कामगार विम्याच्या दवाखान्यातून सर्टिफिकेट आणलं की आजारपणाची रजा मिळते. कंबर खरंच दुखते की नाही हे एक्स-रेतही दिसत नाही, म्हणून बाकीच्या अवयवांपेक्षा कंबरच जास्त दुखायची. मग मी जीप घेऊन गावोगाव जायचे आणि आजारी माणसाची चौकशी करायचे. चौकशी कसली, छापाच तो.

मागच्याच वर्षी काष्टीच्या बाजारात आमचा एक कामगार दिसला होता. हात मोडला म्हणून रजेवर होता. गळ्यात झोळी होती खरी, पण झोळीतल्याच हातानं कासरा धरून तो एक कालवड ओढत होता. मी जवळ जाऊन गोड आवाजात विचारलं, "छान आहे हो कालवड. गाभण आहे का?" तो रंगात येऊन तिची सगळी वंशावळ सांगत बसला. कामावर आल्या आल्या त्याला चार्जशीट मिळाली. आठवलं की मला अजून हसू येतं. तालुक्यात दुसरं कुणी हसलं नव्हतं.

पोपटचं घर त्याच काष्टीच्या शिवारात, वस्तीवर. तो नगरला खोली करून राहायचा आणि रजेत गावी यायचा. पण या खेपेला मी छापा घालायला गेले नव्हते. कारखान्यात नवी लाइन सुरू होणार होती आणि तिथं चार्जहँड हवा होता. चार्जहँड म्हणजे कामगारांतलाच एक, पण काही माणसांवर देखरेख करणारा. पगार वाढतो आणि पुढं सुपरवायझर व्हायचा रस्ता मोकळा होतो. जी.एम. साहेबांना बाहेरून डिप्लोमा झालेला मुलगा आणायचा होता. मी अख्खी मीटिंग भांडले. ग्राइंडिंगला पोपटसारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही आणि आपल्या माणसाला वर घेतलं तर बाकीच्यांनाही हुरूप येईल, असं घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं.

शेवटी साहेब म्हणाले, "ऑल राइट, साळवे. तुमचा शेंडगे. पण परवा सकाळी मेडिकल. फिट निघाला तर तो, नाहीतर डिप्लोमावाला." मग त्यांनी चष्मा काढला. "पण तो सिक लीव्हवर आहे ना? कंबर?"

"येईल सर, बरा होऊन," मी म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी जीप काढली.

पोपटची आई त्याच्या कमरेला विटेचा शेक देत होती. वीट गार होती. मी खाली सतरंजीवर बसले आणि सरळ मुद्द्यावर आले.

"पोपट, तुला चार्जहँड करायचं ठरलंय."

त्यानं डोळे मिटून घेतले. आई म्हणाली, "बाई, त्याला कशाचं भान न्हाई. काल धरनं असाच पडून हाय."

"उद्या सकाळी मेडिकल आहे. तेवढी झाली की ऑर्डर निघेल."

मेडिकल म्हटल्यावर कण्हण्याचा सूर बदलला. पोपट भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "मॅडम, उठवतच न्हाई. पायाला बी मुंग्या आल्यात."

"अरे, आजारी असल्याचं सर्टिफिकेट मला नकोय. तू धडधाकट आहेस असं डॉक्टरांनी लिहायला हवंय."

मायलेकांनी एकमेकांकडं पाहिलं. धडधाकट आहे असं मॅडमना लिहून पाहिजे, म्हणजे उद्या खोट्या रजेची केस, एवढं दोघांनाही कळलं. आई म्हणाली, "उजवा पाय तर पार गेल्यात जमा हाय."

"पोपट, मी तुझ्या बाजूनं बोलतेय."

हे बोलायला नको होतं. आमच्या खात्यात हे वाक्य कुणाला तरी घरी पाठवायच्या आधी बोललं जायचं. पोपटनं गोधडी गळ्यापर्यंत ओढली. मग खोल गेलेल्या आवाजात म्हणाला, "मॅडम, नीट दिसत बी न्हाई आता."

मी तिथं आणखी बसले असते तर त्याची वाचाही गेली असती. मी उठले. आई दारापर्यंत आली आणि तिनं माझा हात धरला. "बाई, माज्या लेकाची नोकरी खाऊ नका. दोन बारकी लेकरं हायेत त्याला."

हे मात्र नाटक नव्हतं. मला तिचा राग आला, स्वतःची कीव आली आणि जीपमध्ये बसल्यावर रडूही येईल की काय असं वाटलं. खरी गोष्ट घेऊन मी पहिल्यांदाच कुणाच्या घरी गेले होते आणि ती कुणी घ्यायलाच तयार नव्हतं.

पण त्यांचं तरी काय चुकलं? बोनस जाहीर व्हायचा तेव्हा जी.एम. साहेब दसऱ्याच्या पूजेला स्टुलावर उभे राहून सांगायचे. टाळ्या त्यांना. पगार कापला, बदली झाली, कुणाला काढलं, की त्या कागदाखाली सही माझी. त्याच वर्षी साहेब पुण्याहून एक सेमिनार करून आले आणि आमच्या खात्याचं नाव एच.आर.डी. झालं. मानव संसाधन विकास. पेंटर पाटी रंगवत असताना एका कामगारानं मला विचारलं होतं, "संसाधन म्हंजी डिझेल-कोळसा असतंय तसं का, मॅडम?" मी हो म्हणाले नाही, पण नाही म्हणायलाही जरा वेळ लागला.

नगरला पोचले तेव्हा सेकंड शिफ्ट लागली होती. गेटसमोरच्या टपरीवर हरिभाऊ चहा घेत होते. हरिभाऊ आमच्या युनियनचे सेक्रेटरी, म्हणजे कामावर माझे पहिल्या नंबरचे शत्रू. मी जाऊन त्यांच्यासमोर बाकड्यावर बसले आणि सगळं सांगितलं. पोपटचे डोळे गेल्याचं ऐकून त्यांना ठसका लागला.

"म्हंजी खरंच चार्जहँड करताय?"

"खरंच. उद्या सकाळी तो आला नाही तर डिप्लोमावाला येणार. तुमचाच माणूस मागं राहील. तुम्ही सांगितलं तर तो ऐकेल."

हरिभाऊंनी बशी पुसून खाली ठेवली. "सांगतो की. पण हे आमच्या मागनीमुळं झालं असं पायजे."

"तुमची अशी मागणीच नव्हती."

"आता करतो. तुमी पत्रावर मागल्या महिन्याच्या तारखेचा शिक्का मारून घ्या."

मी विचार केला आणि हो म्हणाले.

"अन् उद्या गेटवर सभा. घोषणा हुतील."

"कुणाच्या नावानं?"

"तुमच्याच, मॅडम. जी.एम.च्या नावानं दिल्या तर ते भडकतील अन् आर्डर फाडतील. तुमाला काय, सवय हाय."

"मुर्दाबाद नको," मी म्हणाले. "माझे वडील अजून नगरमध्येच राहतात. त्यांच्या कानावर गेलं तर बरं दिसणार नाही."

हरिभाऊंनी थोडा विचार केला. "हाय हाय चालंल?"

"चालेल."

नोकरीत मी अनेक करार केले, पण इतका चटकन झालेला दुसरा आठवत नाही. हरिभाऊ लगेच मोटरसायकलला किक मारून काष्टीकडं निघाले.

सकाळी पोपट गेटवर हजर. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, दोन्ही पाय आणि दोन्ही डोळे जागच्या जागी. कंपनीच्या डॉक्टरांनी त्याला वाकायला सांगितलं तर तो जमिनीला तळहात टेकवून उभा राहिला. डॉक्टर म्हणाले, "कंबर दुखत होती ना तुझी?"

"व्हय. पन आईनं शेक दिला."

दुपारी ऑर्डर निघाली. जी.एम. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "बघा साळवे, मी म्हणतच होतो, शॉप फ्लोअरवरच्या माणसाला चान्स द्यायला हवा." मी म्हणाले, "हो सर." शिफ्ट सुटली तशी गेटवर सभा झाली. पोपटच्या गळ्यात हार होता. हरिभाऊंनी भाषणात सांगितलं की एच.आर.डी.नं ही बढती शेवटपर्यंत अडवून धरली होती, पण कामगारांच्या एकजुटीपुढं त्यांचं काही चाललं नाही. मग माझ्या नावानं हाय हाय झालं. ठरल्यापेक्षा जास्त वेळ झालं. मी खिडकी लावून घेतली आणि रजेचे अर्ज तपासत बसले. वाईट वाटत होतं, तरी मधूनमधून हसूही येत होतं.

त्यानंतर थोड्या दिवसांनी पोपट माझ्या केबिनचं दार लोटून आत आला. मागं बघत बघतच आला. शर्टाच्या आतून त्यानं कागदाचा पुडा काढून टेबलावर ठेवला. पेढे होते.

"आईनं दिल्यात. म्हनली, बाईंना नेऊन दे. लई वंगाळ बोलले मी त्यांना."

मी एक पेढा तोंडात टाकला आणि त्याला म्हटलं, जा आता कामावर. पण तो हलेना.

"काय झालं रे?"

"मॅडम, भाईर चार-पाच जनं उबी हायेत. मी आत आल्यालं बगितलंय त्यांनी. म्हनतील, चार्जहँड झाला अन् लगीच मॅनेजमेंटला फितूर झाला."

"मग मी काय करू?"

तो खाली बघून म्हणाला, "जरा वरडता का?"

पेढा गिळून मी उभी राहिले. "शेंडगे, चार्जहँड झालास म्हणजे काय आभाळाला हात लागले का तुझे?"

"आनखी जरा," तो हळूच म्हणाला. "दार जाड हाय."

मग मी टेबलावर हात आपटला. शिस्त काढली, उशीर काढला, त्यानं कधी न केलेली चार कामं काढली. त्यानं पुटपुटून सुचवलं म्हणून चार्जशीट हा शब्दही दोनदा घातला. त्याचं समाधान झाल्यावर तो मान खाली घालून बाहेर गेला. बाहेर कुणीतरी विचारलं, "काय झालं रं?" आणि पोपटचा पडलेला आवाज ऐकू आला, "काय न्हाई. नेहमीचंच."

पुढं निवृत्त होईपर्यंत मी याच खात्यात राहिले. आता या खात्यात नव्यानं लागलेली मुलं-मुली कधी सल्ला विचारायला येतात. मी त्यांना एवढंच सांगते, कामगाराचं भलं करावंसं वाटलं तर जरूर करा, फक्त आवाज चढवून करा.