इझाबेलबाईंचा शांत रंग

इझाबेलबाईंना नीट दिसत नाही, ही गोष्ट वसईजवळच्या अख्ख्या होळी गावात फक्त एका माणसाला ठाऊक होती, आणि तो माणूस म्हणजे खुद्द इझाबेलबाई.

अगदीच दिसत नाही असंही नव्हे. उजेड कळायचा, माणसाचा आकार कळायचा. वाऱ्यावर हलतंय ते केळीचं पान आणि दारातून आत येतंय ती आपली सून, एवढा भेद कळायचा. पण गेल्या काही वर्षांत कुणीतरी सगळ्या जगावर चहा गाळायचं फडकं पसरून ठेवल्यासारखं झालं होतं. त्या फडक्याआडून बाई घर चालवत होत्या, आणि शंका येऊ नये असं चालवत होत्या. माणसं पावलांवरून ओळखायची. मिठाची बरणी डावीकडे, साखरेची उजवीकडे, आणि त्यांच्या जागा बदलणाऱ्याची गय नाही. चर्चमध्ये मिस्सेला प्रार्थनापुस्तक उघडं धरायचं आणि पाठ असलेलं म्हणायचं. सकाळी पेपर हातात घेऊन दोनदा "काय दिवस आलेत" म्हणायचं. पान कुठलंही उघडलेलं असो, ते लागू पडतंच.

हा मोतीबिंदू असणार, हे न कळण्याइतक्या त्या भोळ्या नव्हत्या. पण शेजारच्या विनीच्या सासूचा डोळा ऑपरेशननंतर कायमचा गेला होता, ती धास्ती होती. शिवाय त्याहून मोठी भीती होती ती वेगळीच. दिसत नाही असं एकदा तोंडातून निघालं की सून प्रेमानं म्हणणार, "आई, तुम्ही बसा." गावात कित्येकींचं असं झालेलं बाईंनी पाहिलं होतं, दिसत होतं तेव्हा. आधी विळी जाते, मग चूल जाते, मग कपाटाच्या किल्ल्या जातात, आणि शेवटी म्हातारी ओटीवर लसूण सोलत येणाऱ्याजाणाऱ्याला "किती वाजले रे" विचारत राहते. त्यात नाताळ झाल्या झाल्या नातीचं, सुझानचं लग्न ठरलेलं. लग्नाचे फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे ते गोल टम्म पाव, या घरात आजवर इझाबेलबाईंनीच तळले होते. ओटीवर बसून लग्न बघायची त्यांची बिलकूल तयारी नव्हती. बघायचा तर प्रश्नच होता.

आणि नेमकं याच वेळी मुलाच्या डोक्यात जेवणघर आलं.

मुलगा फेबियन मुंबईला बँकेत होता आणि सून बेला शाळेत शिकवायची. दोघंही शहाणी, शांत, आणि घरात काहीही करायचं झालं तर आधी आईला विचारणारी. घर जुनं, कौलारू. जेवणघर त्याच्या मागच्या अंगाला, स्वयंपाकघराला लागून. एका खिडकीतून वाडीतल्या केळी दिसायच्या आणि दुसरी खिडकी सुझानच्या जन्माच्या वर्षापासून उघडतच नव्हती. भिंतींचा चुना इतका सुटला होता की पंखा जोरात लावला तर ताटात पोपडे यायचे. व्याही मंडळी जेवायला येणार होती. व्याह्यांच्या सारात पोपडा पडला तर काय करायचं, असा फेबियनचा सवाल होता. 

"कपाट या भिंतीला घेऊ, टेबल मधोमध, आणि भिंतींच्या भेगांत लांबी भरून वर चांगला रंग," फेबियन म्हणाला.

 ते कपाट जिथं होतं तिथून हललं, तर बाई तरी कुठं राहिल्या? स्वयंपाकघराच्या दारातून निघायचं, हात कपाटाच्या कडेला लावायचा, तिथून टेबलाचा कोपरा, कोपऱ्यावरून खुर्ची, हा त्यांचा हमरस्ता होता. तो मुलगा उखडायला निघाला होता. बाईंनी पुष्कळ सांगून पाहिलं. कपाट जुनं आहे, हलवलं तर खिळखिळं होईल. तुझ्या वडिलांनी मुद्दाम तिथं ठेवलं होतं. फेबियननं सगळं ऐकून घेतलं आणि रविवारी चार माणसं आणून कपाट हलवलं.

तो आठवडा बाईंनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. टेबल ओटीवर, खुर्च्या पडवीत, पाण्याचं पिंप कुठं, पाट कुठं. त्यांचे गुडघे काळेनिळे झाले. प्रत्येक धडकेला त्या खणखणीत आवाजात "हे वाटेत कुणी ठेवलं?" असं विचारायच्या, आणि घरातलं कुणी ना कुणी धावत येऊन माफी मागायचं. दुपारी सगळे बाहेर गेले की मात्र त्या रिकाम्या जेवणघरात भिंतीला हात लावून नवा रस्ता पाठ करत फिरायच्या. विनीनं एकदा खिडकीतून ते पाहिलं आणि मावशी लांबी नीट घासली की नाही ते तपासताहेत, असं गावभर कौतुकानं सांगितलं.

मग रंगाच्या नमुन्यांचं शेडकार्ड आलं.

संध्याकाळची वेळ, ओटीवर दिवा अजून लावायचा होता. फेबियनला पिस्ता हवा होता, बेलाला मोतिया. दोघं अर्धा तास एकमेकांना "तू म्हणशील तो" म्हणत राहिली, आणि अशा वेळी भल्या घरांत जे होतं तेच झालं. बेलानं शेडकार्ड सासूच्या मांडीवर ठेवलं.

"आई, घर तुमचं. तुम्ही सांगाल तो."

बाईंनी शेडकार्ड हातात घेतलं. चौकोन आहेत, पुष्कळ आहेत, एवढं कळत होतं. त्या चौकोनांत त्यांच्या दृष्टीनं दोनच रंग होते, मळका आणि जास्त मळका. चष्मा पुसला. कार्ड लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं, मान तिरकी केली. बघणाऱ्याला वाटलं असतं, बाईंचा जन्म रंगाच्या दुकानात गेलाय. शेवटी एक चौकोन बिस्किटासारखा वाटला. चहाबरोबर खायच्या साध्या बिस्किटासारखा, डोळ्याला न टोचणारा. त्यांनी त्याच्यावर बोट ठेवलं.

"हा. शांत रंग आहे."

बेला त्या चौकोनावर वाकली. 

"हा?" बेलानं विचारलं.

"का? वाईट आहे?"

"नाही, नाही," बेला घाईघाईनं म्हणाली. "तुम्हाला आवडला ना? मग झालं."

त्या "हा?" मध्ये काहीतरी होतं. बाईंनी सुनेचे खूप प्रकारचे "हा?" ऐकले होते, त्यांत हा बसत नव्हता. पण आता बोट उचलायचं म्हणजे का उचललं ते सांगायचं. बोट राहू दिलं.

पेंटरनं दोन हात मारले आणि जेवणघर तयार झालं. बाईंनी उंबऱ्यात उभं राहून पाहिलं. काळपट, मऊ, सायंकाळसारखं काहीतरी दिसलं. बरं वाटलं. पेंटर डबे आवरत होता, त्याला त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, की कसा दिसतो रंग?

"तुम्हीच सांगितलेला, आजी."

"ते माहीत आहे. पण दिसतो कसा?"

पेंटरनं जरा विचार केला. "भरपूर दिसतो," म्हणाला.

तिथून बाईंची झोप उडाली. बिस्किटी रंग भरपूर कसा दिसेल? विनी आली, नेहमीप्रमाणे बडबडत आली, आणि जेवणघराच्या दारात तिचा आवाज एकदम खाली गेला. थोड्या वेळानं "थंड वाटतं हो मावशी इथं" म्हणाली आणि चहा न घेता गेली. विनी चहा न घेता गेली, हे त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं. मग फादर आशीर्वाद द्यायला आले. पाणी शिंपडलं, प्रार्थना केली, मग भिंतीकडे बघत म्हणाले, "चांगलं आहे. आगमनकाळही जवळ आलाच आहे." जेवणघराचा आणि नाताळआधीच्या आगमनकाळाचा काय संबंध, हे फादरांना विचारणार कोण? बाईंनी सुझानला एकटं गाठून विचारलं. ती म्हणाली, "आजी, तू निवडलास म्हटल्यावर बोलायचंच नाही." हे कौतुक की टोमणा, ते काही बाईंना ठरवता येईना.

आणि रविवारी व्याही आले.

सुझानच्या होणाऱ्या सासऱ्यांचं, लुईसचं, हसणं प्रसिद्ध होतं. सोयरिकीच्या पहिल्या भेटीत ते असे हसले होते की वाडीतली कोंबडी विहिरीच्या कठड्यावर चढली होती. ते जेवणघरात आले, खुर्चीत बसले, आणि मयताच्या घरी जेवावं तसे जेवले. हळू बोलले. हसणं तर नाहीच. चिकन पुन्हा वाढायला घेतलं तर हातानं नको म्हणाले. त्यांचं बघून बाकीचेही खालमानेनं जेवले.  जेवण झाल्या झाल्या मंडळी निघाली.

 फडक्याआडून घर चालवणं वेगळं. पण आपण न बघता ठेवलेल्या एका बोटापायी नातीची सोयरिक फिसकटली तर? कुणाला विचारावं तर "तुम्हीच तर निवडलात" हे उत्तर ठरलेलं. त्या भिंती दुसऱ्याच्या तोंडून कळणार नाहीत, स्वतःच बघाव्या लागतील, हे बाईंच्या ध्यानात आलं. विनीच्या सासूचा डोळा आठवला. रोजची माळ जपताना त्या डोळ्यासाठी एक आणि स्वतःच्या डोळ्यासाठी एक अशा दोन जास्तीच्या प्रार्थना म्हटल्या, आणि सकाळी फेबियनला सांगितलं की चष्म्याचा नंबर बदललाय बहुतेक, वसईला डॉक्टरकडे जाऊन येऊ.

डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारली आणि मागे सरकून बसले.

"आजी, हा मोतीबिंदू तर पिकलाय पार. इतके दिवस चालवलंत कसं?"

"इतके दिवस कुठले?" बाई ताबडतोब म्हणाल्या. "घरात रंग काढला. त्याचा वास बसला डोळ्यांत, तेव्हापासून."

रंगानं मोतीबिंदू होतो हे डॉक्टर पहिल्यांदाच ऐकत होते, पण बाहेर रांग होती. फेबियननं आईच्या शब्दावर विश्वास ठेवला. त्याला लहानपणापासून तीच सवय होती. एक डोळा आता, दुसरा लग्नानंतर, असं ठरलं.

ऑपरेशन झालं.  दुसऱ्या दिवशी पट्टी काढायला बेला रजा घेऊन बरोबर गेली. पट्टी निघाली आणि आधी नर्सच्या गळ्यातला काळा दोरा दिसला, मग खिडकीचे गज, मग बेला. बेलाच्या साडीवर बारीक पिवळी फुलं होती. ही साडी तपकिरी म्हणून बाई गेली दोन वर्षं ओळखत होत्या.  रिक्षात काळा चष्मा लावून बसल्या. घरी आल्यावर चप्पल काढली, चष्मा काढला आणि थेट जेवणघरात गेल्या.

जांभळं. चारही भिंती जांभळ्या.

साधासुधा जांभळा नव्हे. उपवासकाळात आणि आगमनकाळात फादर जो झगा घालतात, पवित्र आठवड्यात चर्चमधले पुतळे ज्या कापडानं झाकतात, तो. ज्या रंगात मनुष्य आपोआप आवाज खाली घेतो आणि पापं आठवायला लागतो, तो. लग्नघरात, ऐन आनंदात, बाईंनी प्रायश्चित्ताचा काळ आणून बसवला होता. समोरच्या भिंतीवरून ख्रिस्ताची तसबीर खाली बघत होती, आणि तिथंही बाईंना जरा नाराजीच दिसली.

मग टेबल दिसलं. त्यावर पांढरा नवा टेबलक्लॉथ होता. मधोमध पिवळ्या शेवंतीची जुडी. खिडकीला पिवळे पडदे. भिंतीचा जोर कमी करायला कुणीतरी जमेल तिथं जमेल तेवढा उजेड आणून ठेवला होता, आणि ते कोण, हे विचारायची गरज नव्हती. महिनाभर ही माणसं दोन्ही वेळ या खोलीत बसून मुकाट जेवत होती.

बाई खुर्चीत बसल्या.

"बेला, हा रंग मी बघून नाही निवडला."

"म्हणजे?"

"दिसतच नव्हतं. मला बिस्किटी वाटला."

बेला समोरच्या खुर्चीवर बसली.  "आई," ती म्हणाली, "मला या घरात येऊन पंचवीस वर्षं होत आली. तुम्हाला काय आवडतं असं विचारलं की तुम्ही म्हणता, पोरांना आवडेल ते. पहिल्यांदा तुम्ही बोट ठेवून हा म्हणालात. मी फेबियनला म्हटलं, जांभळा तर जांभळा, आता एक शब्द बोलायचा नाही."

बाईंना डोळ्यातून पाणी काढायची डॉक्टरांनी बंदी केली होती. त्यांनी घाईनं विषय बदलला. "आणि व्याही? ते रंगामुळेच ना..."

"त्यांनी नवी कवळी बसवली होती. हसले तर बाहेर यायची. त्यांच्या बायकोनंच मला स्वयंपाकघरात सांगितलं." बेला आता हसायला लागली होती.

बाईंना हसू आलं नाही. त्यांच्या मनातलं खरं अजून बाहेर यायचं होतं. "आता तू लग्नाचे फुगे दुसऱ्या कुणाकडून करून घेशील," त्या टेबलक्लॉथची कड दुमडत म्हणाल्या.

"न दिसता केलेले खाल्लेच ना आम्ही? मग आता दिसायला लागल्यावर दुसरं कुणी कशाला?"

बाईंनी दुमडलेली कड सरळ केली. मग बेलानं शेडकार्ड शोधून आणलं आणि दोघी ते घेऊन खिडकीपाशी उन्हात उभ्या राहिल्या. दोघींचं मोतियावर जवळजवळ जमलं होतं, एवढ्यात फेबियन कामावरून आला. पुन्हा रंग काढायचा, हे ऐकून तो दारातच थांबला. म्हणाला, कशाला? मला तर आता सवय झाली, दुसऱ्या रंगात जेवण जाणार नाही. दोघी बायकांनी एकदम वळून त्याच्याकडे पाहिलं.

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या.

"फेबियन, तुझे केस इतके पांढरे कधी झाले?"

"हे?" फेबियननं डोक्यावरून हात फिरवला. "सुझान दहावीत होती तेव्हापासून, आई. सात-आठ वर्षं झाली."

आणि मग तो थांबला. सुझानची दहावी, रंगाचा वास, डॉक्टर, वाटेत ठेवलेल्या खुर्च्या, सगळं एकेक करून त्याच्या चेहऱ्यावर जुळत गेलेलं बाईंना अगदी स्वच्छ दिसलं. मुलाचा चेहरा त्यांना किती तरी दिवसांनी इतका स्वच्छ दिसत होता. फक्त आत्ता, या क्षणी, तो थोडा कमी दिसला असता तरी चाललं असतं.