फ्लेक्समागचा डोंगर

मंडळी, चीनमधल्या हॉटेलातून लिहितेय. डोकं अजून तापलेलंय.

खुटबाव-भांडगावची आम्ही शेतकरी मंडळी इथं सहलीला आलोय. आज डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानात गेलो. आभाळात घुसलेले दगडाचे सुळके आन् त्यांच्या अंगाखांद्यावर झाडं! तेवढं बघायला माझे सासरे, आबा, या वयात पहिल्यांदा विमानात बसले.

वर पोचलो तर सगळं धुक्यात. सकाळभर ताटकळलो. दुपारी धुकं फाटलं, आन् आमच्या सोसायटीच्या चेअरमननी पिशवीतनं फ्लेक्स काढला! केडगावातनं छापून आणलेला. त्यावर त्यांचाच भला मोठा फोटो आन् 'चीन दौऱ्याबद्दल हार्दिक अभिनंदन'.

सगळे डोंगराकडं पाठ करून उभे राहिले. मधी कुणी थांबायचं यावरनं रुसवेफुगवे. फोटो काढायचं काम माझ्याकडं. मी ओरडले, "अवो, आधी मागं तरी बघा!"

चेअरमन म्हणाले, "ताई, डोंगर काय पळून चाललाय व्हय? आबा, तुम्ही हलू नका, फ्लेक्स वाकडा होतोय."

फ्लेक्सचं एक टोक आबांच्या हातात होतं. ते हललेच न्हाईत. प्रत्येकाच्या मोबाईलवर फोटो काढून होईस्तोवर धुकं परत दाटलं. उद्या आमचं परतीचं विमान.

तो फोटो आमच्या आधी गावच्या ग्रुपवर पोचेल. अभिनंदन टाकायच्या आधी त्यात डोंगर शोधून दाखवा. गावाजवळच्या चौफुल्यावर काढला असता तरी असाच आला असता!

परत येताना बसमध्ये आबांनी हळूच विचारलं, "सूनबाई, तुझं तोंड तिकडं हुतं. कसा दिसत हुता गं डोंगर?"